कासरा

पोलीस ॲक्शननंतरचा पहिला पोळा होता. महारवाड्यातले बैल वेशीच्या तोरणाखालून कधीच गेले नव्हते, पण नानासाहेब पाटलांनी तिथल्या लिंबाला शब्द दिला होता. रझाकारांच्या धाकानं पाटील लिंबाच्या खोपटात लपले, त्याच्या हातची भाकर खाल्ली, तेव्हाची गोष्ट. "निजाम जाऊ दे. पोळ्याला वेशीतनं संगंच जाऊ." पुढं पाटलांचा एक बैल मेला आणि दुसरा लिंबाच्या बैलासंगं औताला चालू लागला. आज वाजंत्री वाजली, तरी पाटलांचा बैल जोडीदाराशिवाय तोरणाखाली पाऊल टाकेना. मिरवणूक खोळंबली. पिशोरच्या बाजारातून आणलेले गोंडे बैलाला बांधून लिंबा कडेला बोलावण्याची वाट पाहत होता. "लिंबा, बैल आण," पाटील म्हणाले. लिंबा हसत पुढं आला. "तू थांब. बैल तेवढा जाईल." लिंबानं बैलाचा कासरा पुढं केला. पाटलांनी हात मागं घेतला. "खाली ठेव. मी उचलतो."