आतली कडी

ह्यांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की घरादाराची सुटका नसते. यंदा तळघर शिरलं. पाण्याची पिंपं, धान्याचे डबे, परसातल्या सुकवलेल्या भाज्यांच्या बरण्या, कंदील. शिवाय दर रविवारी दुपारी संकटात लपायची तालीम. सगळ्यांनी खाली उतरायचं, आतून कडी लावायची आणि गुपचूप बसायचं.

"बाहेरून कोणीही हाक मारू दे, अगदी माझ्या आवाजात, तरी कडी काढायची नाही," असं हे लेकीला दर वेळी बजावत.

आज तालीम उरकून आम्ही तिघं वर आलो. मी चहाचं आधण ठेवलं, तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, माझी चप्पल खाली राहिलीय. पण दार उघडत नाहीये."

ह्यांनी खांदा लावून ढकललं. दाराला आतून कडी होती.

"कोण आहे रे आत?" हे ओरडले.

आत पिंपाचं झाकण सरकलं. कोणीतरी घाईघाईने कंदील फुंकला आणि दाराच्या फटीतला उजेड गेला.

लेक माझा पदर धरून उभी होती. आणि आतून तिचाच आवाज आला, अगदी हळू, "आई, बाबा बाहेरून ओरडतायत."

"गप्प बस," आतून मी तिला दटावलं. "बाबा इथे आपल्यापाशी आहेत."