उणे चाळीस

शेजारच्या नगरसेवकाच्या गाडीचा प्लग मी काल संध्याकाळीच काढून टाकला. कॅनडाच्या या उत्तरेकडच्या गावात इंजिन रात्रभर विजेवर गरम ठेवलं नाही, तर गाडी सकाळी हूं की चूं करत नाही.

आज तो माझ्या दारात उभा. "प्लग लावायचा राहिला वाटतं. नगरपालिकेत सोडाल? बस पुन्हा सुरू करायची का, यावर मतदान आहे."

बस त्यानेच बंद पाडली होती. मी तक्रार घेऊन गेले, तेव्हा हसला होता, "चाला थोडं, तब्येतीला बरं." त्या हिवाळ्यात माझ्या पायाची दोन बोटं गोठली, कापावी लागली. मग मी गाडी घेतली.

"चाला थोडं," म्हणाले आणि दार लावलं.

मतदान बघायला मीही निघाले. वाटेत तो बर्फात धडपडताना दिसला. थांबले नाही, हॉर्न तेवढा वाजवला.