मनीची बशी

आलापल्लीच्या फॉरेस्ट क्वार्टरमध्ये राहायला आलेल्या नर्सबाई खोब्रागडेंनी आठवड्यातच मांजरीचं पिल्लू आणलं. ते पदरात धरून त्या शेजारच्या कुंदाच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"कुंदाबाई, तुमच्या घरी मनी आहे म्हणून इचारते. याले खायले काय देऊ?"

"दूध-भात कालवून द्या. सुके झिंगे नोका देऊ. चटक लागली तं भाताले तोंड लावत नाई."

"अन् घरभर घाण करून राह्यलं त्याचं?"

"चहापत्तीचं खोकं घ्या, आरा मशीनवरचा सागाचा भुसा भरा त्यात. वास नाई येत."

नर्सबाई हसल्या. तेवढ्यात त्यांची नजर ओट्यावरच्या कोनाड्याकडे गेली. तिथे एक कपबशी वेगळी ठेवलेली होती.

"हे मनीची का?"

कुंदाचा चेहरा उतरला. नर्सबाई राहायला आल्या त्याच दिवशी, आडनावावरून जात ओळखून, सासूने त्यांना चहा द्यायला म्हणून ती कपबशी घरातून काढून तिथे ठेवली होती.

"हो, मनीचीच," कुंदा खाली बघत म्हणाली. ते खरं वाटावं म्हणून तिने आतून दूध आणलं आणि बशीत ओतलं. मनी धावत आली.

चुलीपुढे बसलेल्या सासूने ते दारातून पाहिलं आणि ती ओरडली, "अवं कुंदा, मनीले त्या बशीत नोको देऊ! मनी घरात येते."