बंद टर्बाइन

ओढा आटला, तेव्हा टर्बाइनचा व्हॉल्व्ह मीच बंद केला. आता पाऊस पडेपर्यंत बॅटरीत साठवलेल्या विजेवर भागवायचं होतं.

दुपारी टर्बाइनच्या खोपटात डोकावलो, तर येणारी वीज दाखवणारा रेग्युलेटरचा काटा वर चढत होता.

बॅटरी भरली की जास्तीची वीज पिंपातल्या कॉइलकडे वळते आणि पाणी तापतं. पिंपाला हात लावला. चटका बसला.

टर्बाइन मात्र गप्प होतं. त्याच्या पात्यांवर कोळ्याने जाळं विणलं होतं.

म्हणजे वीज घराकडूनच उलटी येत होती. असं होत नसतं, उगाच कुणी मला शिकवू नये. तरी खोपटातल्या बोर्डावरचं एकेका खोलीचं बटण बंद करत गेलो. स्वयंपाकघराचं केलं, बाहेरच्या खोलीचं केलं, काटा ढिम्म. आईच्या खोलीचं केलं आणि तो धपकन खाली आला.

ओढा आटल्यापासून आई अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते.

"अहो, ऐकलंत का?" घरातून बायकोने हाक मारली. "आई उठून बसल्यात. भूक लागली म्हणतात."

माझ्या जिवात जीव आला. तिथेच खाली बसलो.

पिंपातलं पाणी पुन्हा सूं करायला लागलं. काटा हळूहळू वर सरकत होता.

"अहो," बायकोचा आवाज आता वेगळाच होता, "आपल्या छकुलीला हलवलं तरी उठत नाहीये."

मी धडपडत उठलो आणि छकुलीच्या खोलीच्या बटणाकडे हात नेला.

ते आधीपासूनच बंद होतं, तरी काटा चढतच होता.