बांधावरचा उंबर

उंबराच्या बुंध्याला जिथं खोलगट वळ पडला होता, तिथं मालुबाईनं सरळ बोट घातलं.

"आज्जी, हात लावायचा नसतोय गं," तिची नात सौम्या हळूच म्हणाली.

टिळकवाडीतल्या हॉलमध्ये बोन्सायचं प्रदर्शन भरलं होतं आणि हा उंबर पहिला आला होता. उंची जेमतेम हातभर, पण बुंधा असा की बघणारा दोन पावलं मागं येऊन पुन्हा बघायचा. परीक्षकांनी त्या वळाचंच कौतुक केलं होतं. वारा-पावसानं कोरल्यासारखा वाटतो म्हणे. झाडाचा मालक नागेंद्र, बँकेतला अधिकारी, नवा झब्बा घालून शेजारीच उभा होता. त्यानं मान हलवून तेही कौतुक पदरात पाडून घेतलं होतं.

"ही दाव्याची खूण हाय," मालुबाई म्हणाली. "आमी वासरू बांधायचो ह्याला."

"कुठून आलात, आज्जी?" नागेंद्रनं विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती.

"जांबोटीकडनं. पेपरात फोटू आलता, म्हनून ह्या पोरीनं आनलं." मालुबाईनं पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. "साहेब, आमचा उंबर असाच हुता बगा. शेताच्या बांधावर. मामंजींनी दोगा भावांची वाटणी केली ती त्या उंबराला धरून. कागद न्हाय, काय न्हाय. उंबराच्या हिकडं आमचं, तिकडं गुंडू भावजींचं. मी लेकीच्या बाळंतपणाला गेलते, माघारी येऊन बगते तर उंबर गायब. भावजी म्हंत्यात, गुरांनी खाल्ला. औंदा नांगर पार आमच्यात घातलाय. परवा पंच बसनार हाईत. तुमी ह्यो कुठनं आनलासा तेवढं सांगा. दुसरं काय नगं. झाड बी नगं."

गुंडू नागेंद्रला चांगलाच आठवत होता. स्वतः कुदळ घेऊन आला होता बिचारा. मुळं सुकू नयेत म्हणून ओल्या पोत्यात गुंडाळून दिलं, वर चहा पाजला. गावात कुठं बोलू नगा, एवढंच म्हणाला. मालकाला विचारून आणलेलं झाड, ही काही चोरी नव्हे, असं नागेंद्र आजवर स्वतःला समजावत आला होता. पण उंबराच्या बुडाशी पुरलेला दगड त्यानं पाहिला होता. कडोलीच्या शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला बांधावरचा एकटा उंबर आणि त्याखालचा दगड म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही. फक्त त्या दिवशी त्याची नजर बुंध्यावर होती. गुरांनी वर्षानुवर्षं शेंडे खाऊन, कुंडीत करू म्हटलं तरी होणार नाही असं झाड आयतं करून ठेवलं होतं. बांधाच्या पलीकडच्यालाही विचारलंय ना, एवढं गुंडूला विचारायला त्याच्या तोंडाला काय झालं होतं? नको ते उत्तर येईल म्हणून त्यानं विचारलं नाही.

"काय म्हणतायत आज्जी?" प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष हसत हसत मध्ये आले. "ही यांची तपश्चर्या आहे बरं का! एवढीशी फांदी लावली तेव्हापासून पोटच्या पोरासारखं वाढवलंय. होय ना, नागेंद्रराव?"

ही कहाणी नागेंद्रनंच त्यांना सांगितली होती.

"होय," तो म्हणाला. मग मालुबाईकडे न बघता, "घरचंच आहे, आज्जी. फांदी लावली होती मी."

बोलायच्या आधीच त्याला स्वतःची लाज वाटली होती. तरी तो बोलला.

मालुबाईनं बोट काढून घेतलं. कुंडीला आपला हात लागला होता तेवढी कड तिनं पदरानं पुसली. "चुकलं माझं, साहेब. झाडासारखं झाड असतंय." मग नातीकडे वळून, "तुला म्हनलं हुतं मी. उगंच चांगल्या मान्साला चार लोकांत चोर ठरिवलं आपन."

सौम्या नागेंद्रकडे बघत राहिली. तो कुंडीवरची बक्षिसाची फीत नीट करत राहिला. ती नीटच होती.

अध्यक्ष पुढच्या टेबलाकडे गेले. अजूनही वेळ गेली नव्हती. दोन वाक्यांचं काम होतं. नागेंद्रनं तोंड उघडलंही, तेवढ्यात कुणीतरी येऊन त्याचा हात हातात घेतला, अभिनंदन केलं, आणि त्यानं थँक्यू म्हटलं.

दाराकडे निघालेली मालुबाई थांबली, मागं वळली.

"गाव कंचं तुमचं?"

"कडोली."

"शेती हाय?"

"आहे. भाऊ करतो."

"मग तुमीच सांगा. बांधावरचं झाड कोन न्हेतंय व्हय?"

नागेंद्रला खाली बघावं लागलं. तिच्या भेगाळलेल्या पायांत रबरी चपला होत्या, त्याच्या आईच्या असायच्या तशाच.

"न्हाय, आज्जी," तो म्हणाला. "कोन न्हेत न्हाय."

"तेच की!" मालुबाईचा चेहरा पहिल्यांदाच मोकळा झाला. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "परवा पंचांस्नी बी ह्येच सांगते. म्हंते, बांधावरचं झाड हलवायचं नसतंय, कडोलीचा शिकल्याला मानूस बी असंच म्हनला."