लाल तेल

उत्तर जर्मनीतल्या आमच्या गल्लीत रविवारी रिकामी बाटलीसुद्धा कोणी कचऱ्याच्या डब्यात टाकत नाही, आवाज होतो म्हणून. बायको गेल्यापासून ओल्टमन्स आठवडाभर बोलतात ते बेकरीत, तेही "दोन पाव" एवढंच. आज भर दुपारी त्यांनी जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं, पॉवर स्टिअरिंगचं तेल पिचकारीने बरणीत उपसलं, नवं ओतलं आणि इंजिन सुरू केलं.

समोरची खिडकी उघडली.

"ओल्टमन्स, आज रविवार आहे. पोलिसांना बोलवू का?" टेबेनबाई म्हणाल्या.

"बोलवा. पण आधी खाली येऊन स्टिअरिंग फिरवा. तेलाकडे बघायचं आणि स्टिअरिंगही फिरवायचं, एकट्याला जमत नाही."

बाई पुटपुटत आल्या आणि गाडीत बसल्या.

"डावीकडे, पार टोकापर्यंत. आता उजवीकडे."

"कळतं मला. बायकोलाही असेच हुकूम सोडायचात?"

"ती ऐकायची नाही."

"शहाणी होती."

काम झालं. बाई उतरल्या आणि त्यांनी बरणीत डोकावून पाहिलं. वापरलेलं तेल काळं पडतं, एवढं त्यांनाही माहीत होतं. बरणीतलं तेल मात्र बाटलीतल्या नव्या तेलाइतकंच लालचुटूक होतं. त्यांनी बरणीला झाकण लावून ती ओल्टमन्सच्या हातात दिली.

 

"पुढच्या रविवारी जरा लवकर सुरू करा," बाई म्हणाल्या. "खिडकीत वाट बघून माझी कॉफी गार होते."