बॉनेटला कुलूप

"सूनबाई, त्याले ते इंग्रजी पुस्तक वाचून दाखवू नको," कुंताबाईंनी बजावलं होतं. "मोटार उभी हाये तोवर आपली. चालू झाली का रस्त्याची."

रंभा हसली होती. नागपूरला कॉलेज शिकून आलेली सून सासूच्या अशा बोलण्याला थोडीच भिणार! नवरा, मनोहरराव, कापसाच्या जिनातून घरी आले की ती लेकीला, शकूला, मांडीवर घेऊन अंगणात बाजेवर बसायची आणि इंजिनाचं पुस्तक मराठीत सांगत जायची. मोटारीखालून त्यांचे नुसते पाय दिसायचे.

मोटार विलायती, कापडी टपाची, लढाईच्याही आधीची. एका मालगुजाराच्या गोठ्यात गंजत पडली होती. बैल जुंपून ती नालवाडीला आणली, तेव्हा थोरले भाऊ सदाशिवराव आंजीहून मुद्दाम बघायला आले होते.

"मन्या, इच्यात कोंबड्या पाळ," ते म्हणाले. "ही माह्या दारात आपल्या पायानं आली, तं बायकोच्या हातची आरती घेऊन मी सोता ओवाळीन इले. साऱ्या गावासमोर."

"दसऱ्याले सोनं द्याले हिच्यातच येतो, दादा. तुमी आरती घासून ठेवजा."

झालं. शब्द गेला तो गेला. मनोहररावांनी इंजिन पार मोकळं केलं. रिंगा बदलल्या, झडपा घासून बसवल्या, एकेक नट रॉकेलमध्ये धुतला. श्रावणात इंजिन पहिल्यांदा खोकलं आणि धडधडू लागलं. शेजारची रामबाई हातातलं धुणं टाकून धावत आली. रंभाने शकूचे कान झाकून धरले होते, पण स्वतःचे डोळे काही तिला आवरले नाहीत.

त्याच आठवड्यात हिंगणीच्या वाटेवर मालमोटार उलटल्याची बातमी आली. आत एक लेकुरवाळी होती. मनोहररावांनी ऐकलं, हळहळले आणि पुन्हा पाना हातात घेतला. रंभाने त्या दिवशी शकूला कडेवरून खाली उतरवलं नाही.

सोमवारी कार्बोरेटरमधला पितळी जेट गायब झाला. हरभऱ्याएवढी वस्तू, पण तिच्याच भोकातून इंजिनाला पेट्रोल मिळतं.

"घुशीनं नेला असन," कुंताबाई म्हणाल्या.

"पितळ खाते का घूस, माय?"

रंभाने अंगण झाडलं, केर चाळला. जेट मिळाला नाही. "राहू द्या आता," ती म्हणाली. "पुढच्या दसऱ्याला न्या."

"पुढच्या काऊन? याच."

त्यांनी स्टोव्हचं नीपल घेतलं. दहा दिवस कानस चालली, भोकात सुया मोडल्या, आणि अकराव्या दिवशी इंजिन पुन्हा बोलू लागलं. रंभा विहिरीवर सांगत सुटली. "स्टोव्हमधून मोटारीचा भाग काढला आमच्या ह्यांनी!"

"आता चुलीतून उडतं इमान काढाले सांग," रामबाई म्हणाली.

मग रोटर गेला. त्याच्यावाचून प्लगला ठिणगी मिळत नाही, हे रंभानेच पुस्तकातून वाचून दाखवलं होतं. त्या दिवशी मनोहरराव जेवले नाहीत.

"कोणी मुद्दाम करून राह्यलं," ते म्हणाले. "दादाचं माणूस असन."

"दादांवर कशाला आळ घेता?" रंभा पटकन म्हणाली.

जिनातलं विजेचं जुनं बटण आणून त्याच्या टणक काळ्या बेकलाइटातून मनोहररावांनी नवा रोटर कोरला. बॉनेटला कुलूप ठोकलं आणि किल्ली करगोट्याला बांधली.

वर्ध्याचे रूपराव मिस्त्री इंजिन पाहायला आले. कान लावून बराच वेळ ऐकत राहिले. "मनोहरभाऊ, असा हात आमच्यात नाई कोणाचा." रंभाने चहा देता देता कोणता भाग कसा घडवला ते सगळं सांगितलं, नावानिशी.

"वहिनी, लायसन तं तुमच्याच नावानं काढा लागते," मिस्त्री हसले.

खंडेनवमीला पाने, हातोड्या, कानशी धुऊन पाटावर मांडल्या. वर झेंडू वाहिला. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, अशी घरची रीत. मोटारीला हार घातला आणि तीही तशीच उभी ठेवली. जे काही तपासायचं ते अष्टमीलाच तपासून झालं होतं.

दसऱ्याला रूपरावही आले. अर्धी नालवाडी अंगणात. रंभा दाराची चौकट धरून उभी होती. तिची खात्री होती, इंजिन आज चालू होत नाही.

हँडलच्या तिसऱ्या हिसक्याला ते चालू झालं. काय लय, काय आवाज! मनोहररावांनी टोपी सारखी केली आणि तिच्याकडे पाहिलं. इतका खपलेला माणूस, आणि चेहरा शाळेत पहिला आलेल्या पोरासारखा. रंभाला भरून आलं. मनातली भीती तिने कुठल्या कुठे भिरकावली. शकूला तिने आपल्या हातांनी मोटारीत मागे बसलेल्या कुंताबाईंच्या मांडीवर बसवलं, फ्रॉक नीट केला. घरी येणाऱ्यांना सोनं द्यायला कोणी तरी हवं, म्हणून ती मागे राहिली.

"दादांना नीट ओवाळायला लावा हो!" ती ओरडली. मोटार आंजीच्या दिशेने गेली. पोरं नाक्यापर्यंत मागे धावली.

धूळ खाली बसली. रूपराव ओट्यावर चहा घेत होते. रंभाने पदराची गाठ सोडली. जेट आणि रोटर तिने त्या त्या दिवशीच विहिरीत टाकले होते. काल मात्र बॉनेटला कुलूप होतं आणि पाने पूजेत होते. म्हणून मोटारीखाली आडवं होऊन, हाताला लागलं ते तिने चुलीजवळच्या सांडशीने ओढून काढलं होतं.

"मिस्त्री, ही पिन इंजिनात कुठं बसते हो? हिच्यावाचूनही चालू झालं."

रूपरावांनी पिन तळहातावर उलटीसुलटी केली. कपबशी बाजूला ठेवली.

"ही इंजिनातली नोहे, वहिनी. बिरेकच्या दांड्याची हाये. कुठं सापडली?"

आंजीच्या अलीकडे मोठा उतार आहे. मिस्त्री सायकल घेऊन निघाले आहेत, पण सायकल ती किती धावणार? तुम्ही कोणी त्या रस्त्याला असाल, तर रंभा विचारते आहे: हार घातलेली उघडी मोटार, मागे म्हातारी, तिच्या मांडीवर पिवळ्या फ्रॉकमधली पोर. उतार उतरून खाली पोचली का, तेवढं जरा बघता का?